मलिदा : बेने इस्रायलींचा आभारविधी

कोकण किनाऱ्यावर, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके वसलेल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजात लग्न, सुंता, गृहप्रवेश अथवा नवसपूर्ती अशा प्रसंगी देवाचे आभार मानण्यासाठी जो विधी केला जातो, त्यास मलिदा म्हणतात. भिजवून मऊ केलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा कालवून त्यांची रास ताटात रचतात व भोवती फळे मांडतात; मग एलियाहू हन्नबी, म्हणजे बायबलमधील एलिया हा संदेष्टा, याचे हिब्रू स्तवन सर्वजण मिळून गातात, आणि झाडाचे फळ, जमिनीचे उत्पन्न, सुगंधी वनस्पती यांसाठी वेगवेगळी आशीर्वचने म्हटल्यावरच ताट वाटले जाते. सामग्री उघडच कोकणी आहे, प्रार्थना मात्र पूर्णतः यहुदी. त्यामुळे या विधीला निव्वळ उसनवारी ठरवणे उथळपणाचे होईल. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावरील खुणा एलियाच्या रथाच्या मानल्या जातात व नवस फेडण्यास आलेली कुटुंबे तेथे मलिदा करतात; १९४८ नंतर इस्रायलला स्थलांतरित झालेल्या घरांतूनही तो चालू आहे.