जड पाणी, पण कुणाला?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे परभणीकर हसत हसत ऐकवतात. विहिरीच्या पाण्यापुरतं त्यात तथ्य आहे. जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला. या काळ्या खडकातून झिरपलेल्या पाण्यात बहुतेक ठिकाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट ठळक. म्यूनिकचं पाणी चुनखडीतलं, पण जातकुळी हीच.

घरात या जड पाण्याची झळ आधी डाळीला लागते. कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात तरी तूर काही शिजत नाही. मग चिमूटभर खायचा सोडा पडतो. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिन सुटतं आणि वरण एकजीव होतं. हात सैल सुटला तर मात्र साबणासारखी चव येते.

बियर गाळणाऱ्याचं गणित नेमकं उलटं. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवलं की त्याचा पीएच 5.2 ते 5.6च्या दरम्यान यावा लागतो. कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून तो खाली आणतं, बायकार्बोनेट वर ढकलतं. आणि पीएच चढला की सालातलं टॅनिन उतरून बियर तुरट होते. डाळीचा वैरी तो इथं सोबती, सुगरणीचा सोबती तो इथं वैरी! म्यूनिकच्या जुन्या कारागिरांनी वाट काढली ती काळसर भाजलेल्या माल्टची. त्यातलं आम्ल बायकार्बोनेटला पुरून उरतं. तिथली गडद बियर ही बरीचशी पाण्याचीच करणी. दुसरा उपाय पाणी उकळून निवू देण्याचा: बायकार्बोनेट चुन्यासारखं तळाशी बसतं, पण जाताना थोडं कॅल्शियमही घेऊन जातं.

पावसाळ्यानंतर उथळ विहिरीचं पाणी हलकं होतं. तेव्हा प्रश्न फिरतो, कॅल्शियम वाढवायचं कसं? 10 लिटरला 1 ग्रॅम जिप्सम टाकलं की लिटरमागे सुमारे 23 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 56 मिलिग्रॅम सल्फेट वाढतं. सल्फेटनं हॉप्सचा कडूपणा उठून दिसतो. माल्टचा गोडवा हवा असेल तर कॅल्शियम क्लोराइड. जिप्सम इथल्या शेतकऱ्याला नवं नाही, चोपण जमीन सुधारायला तो ते टाकतोच. पण शेतीचं पोतं पिण्याच्या भांड्यात रितं करू नये.

आणि हे सगळं घरी करून पाहण्याआधी एक अडचण: 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात विनापरवाना बियर बनवणं गुन्हा आहे. पुण्यात 2009मध्ये सुरू झालेल्या ‘डूलाली’सारख्या परवानाधारक मायक्रोब्रुअरींची गोष्ट वेगळी.

डाळ असो की माल्ट, आधी पाण्याची तपासणी करून घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 600. अहवालात नायट्रेटचा आकडाही पाहावा. ते उकळून जात नाही, पाणी आटल्यानं उलट वाढतं.