दा नांग : समुद्राकडे पाठ करून

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामचं दा नांग गाठायचा बेत असेल, तर आधी छत्री घ्या. नाहीतर बेतच बदला. आपल्याकडे पाऊस आवरता घेतो तेव्हा मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर तो सुरू होतो. सप्टेंबर ते डिसेंबर त्याचेच दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या होई आनच्या गल्ल्यांमधून होड्या फिरतात आणि ते दर काही वर्षांनी घडतंच. जायचं तर फेब्रुवारी ते मे. मुलांच्या परीक्षा संपल्यावर गेलात तर ऊन चटके देईल, पण समुद्र शांत मिळेल. सहल कंपन्यांच्या जाहिरातींत मात्र दिवाळीचंच पॅकेज ठळक अक्षरांत असतं.

बाकी शहर सोपं आहे. ई-व्हिसा घरबसल्या निघतो. मुंबईहून हनोई किंवा हो ची मिन्ह शहराला थेट विमान मिळतं आणि तिथून दा नांग तास-सव्वा तासावर. विमानतळ इतका गावात की बॅगा घेऊन बाहेर पडलं की थोड्याच वेळात आपण मी खे किनाऱ्याच्या वाळूवर. फिरायला ग्रॅबचं अ‍ॅप पुरतं. रस्ता ओलांडताना मात्र पुण्यात शिकलेलं सगळं विसरावं. धावायचं नाही, थबकायचं नाही. एकाच चालीने पुढे जात राहायचं, स्कूटर आपल्याला वळसा घालून जातात.

पैशांचं प्रकरण गमतीचं आहे. एका रुपयाला साधारण 300 डाँग, त्यामुळे पहिल्याच दिवशी आपण लक्षाधीश होतो. 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळ्या. शहाळेवालीला मी वीस हजारांच्या जागी पाच लाख देऊन चालू लागलो. ती बाई रस्ता ओलांडून मागे धावत आली, माझ्या हातात नोट कोंबली आणि वर दोन शब्द सुनावूनही गेली. अर्थ कळला नाही, पण सूर थेट माझ्या आत्याचा होता.

नातं तिथल्या भाषेतच आहे. व्हिएतनामी माणूस ‘मी’ आणि ‘तू’ म्हणायलाही बहुतेक वेळा नात्याचेच शब्द वापरतो. आपल्यापेक्षा लहान तो ‘एम’, थोरला तो ‘आन्ह’, थोरली ती ‘ची’, काकांच्या वयाचा तो ‘चू’. पुढे ‘ओई’ जोडलं की आपल्या ‘अहो’, ‘अगं’चं काम होतं. हॉटेलात ‘एम ओई’ म्हटलंत तर वाढपी हसून येतो.

शाकाहारी मंडळींनी ‘चाय’ हा एकच शब्द पाठ करावा. पाटीवर तो दिसला की चहा समजून आत शिरू नका, त्याचा अर्थ शाकाहारी. अमावस्या-पौर्णिमेला तिथलेही बरेच बौद्ध लोक मांसमच्छी टाळतात, त्या दिवशी अशी दुकानं भरलेली असतात. ‘मी क्वांग’ ही इथली खास शेवई, हळदीने पिवळी झालेली, वर शेंगदाण्यांची पखरण. तीही ‘चाय’ मिळते. मागताना माशांचं पाणी, म्हणजे ‘न्युओक माम’, घालू नका म्हणून आवर्जून सांगायचं.

इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे : 1858 साली फ्रेंच-स्पॅनिश तोफा, 8 मार्च 1965 ला किनाऱ्यावर उतरलेले अमेरिकी मरीन, 29 मार्च 1975 ला शहराचा पाडाव की मुक्ती, ते सांगणाऱ्यावर अवलंबून. 2013 साली त्याच 29 मार्चला 666 मीटर लांबीचा ड्रॅगन पूल खुला झाला. शनिवार-रविवारी रात्री नऊला तो तोंडातून आग ओकतो, मग पाणी. पुढे उभं राहिलात तर भिजाल.

आपले लोक इथे हल्ली येतात ते बा ना टेकडीवरच्या सोनेरी पुलासाठी. दोन अजस्र दगडी हातांनी उचलून धरलेला पूल फोटोत छान दिसतो. ते हात दगडाचे नाहीत, फायबरग्लासचे आहेत. 2018 साली उभे राहिले आणि शेवाळही रंगवलेलं आहे. खरा दगड पाहायचा तर शहराच्या दक्षिणेला न्गू हान्ह सॉनला जावं. सपाट वाळूतून उगवलेल्या या पाच संगमरवरी टेकड्या, पंचतत्त्वांच्या नावांच्या. धातू, लाकूड, पाणी, अग्नी, माती. आपल्या पंचमहाभूतांशी यादी पूर्ण जुळत नाही. कथा अशी सांगतात की एका ड्रॅगनने वाळूत अंडं घातलं, ते राखायची जबाबदारी किनाऱ्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यावर आली. अंड्यातून एक मुलगी निघाली आणि कवचाच्या तुकड्यांच्या या टेकड्या झाल्या. पाण्याच्या टेकडीवर चढता येतं, गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे. वरच्या ह्युएन खाँग गुहेत छताच्या भोकांतून दुपारी उन्हाचे झोत बुद्धावर पडतात तेव्हा गप्पा आपोआप थांबतात.

पायथ्याशी नॉन न्युओक हे पाथरवटांचं गाव. तिथे एका शेडमध्ये साठीचे एक ‘चू’ काम करत होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी भुकटी. समोर मोबाइलवर फोटो आणि पाटावर अर्धवट गणपती! भारतीय गिऱ्हाईक वाढलं, म्हणून. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांनी फोनच्या भाषांतर यंत्रातून पहिला प्रश्न विचारला : सोंड डावीकडे हवी का उजवीकडे, याचा तुमच्या लोकांना एवढा घोर का? डाव्या सोंडेचा घरात चालतो, उजव्याचं सोवळं कडक, हे मी सांगितलं. यंत्राने सोवळ्याचं काय केलं देव जाणे, पण काका बराच वेळ हसले.

मग त्यांनी आपलं गाऱ्हाणं काढलं. या टेकड्यांचा दगड आता काढता येत नाही, बंदी आहे, आणि ती योग्यच आहे असं ते स्वतःच म्हणाले. दगड बाहेरून ट्रकने येतो. घडाईला ग्राइंडर आला. “हात वाचले, कान गेले,” ते म्हणाले. डोळे आणि बोटांची नखं मात्र अजून छिन्नीनेच काढतात. ती छिन्नी त्यांनी मला धरायला दिली. मुलगा मात्र शहरात हॉटेलच्या स्वागतकक्षात आहे. रस्त्यावरच्या दुकानांत यंत्राने कातलेल्या एकसारख्या सिंहांच्या रांगा पाहिल्या की मुलाला दोष द्यावासा वाटत नाही.

“आमचा जुना गणपती बघितलात?” निघताना त्यांनी विचारलं. नदीकाठच्या, इथल्या जुन्या चाम राज्याच्या शिल्पसंग्रहालयात तो आहे. 1919 साली खुली झालेली ही पिवळी इमारत. मी सॉनच्या मंदिरातून आणलेला, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा, उभा गणपती. चाम राजांनी जिथे शिवाला भद्रेश्वर म्हणून पुजलं, त्या मी सॉनवर 1969 साली अमेरिकी बॉम्ब पडले. भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथल्या काही विटांच्या देवळांची डागडुजी केली, त्या कामातच 2020 मध्ये अखंड शिवलिंग सापडलं. विटा इतक्या घट्ट बसवलेल्या की मध्ये नखही जात नाही. पहाटे निघालात तर गर्दीच्या आधी पोहोचाल. होई आन आणि मी सॉन ज्या क्वांग नाम प्रांतात होते तो जुलै 2025 पासून दा नांगमध्येच विलीन झाला आहे.

मी संग्रहालयात गेलो तेव्हा आमच्या विमानातली तीस-पस्तीस माणसं मी खेच्या वाळूत होती, आत गणपतीसमोर मी आणि एक फ्रेंच जोडपं. संग्रहालय संध्याकाळी पाचला बंद होतं. समुद्र त्यानंतरही तिथेच असतो.