एकच शब्द, तीन रूपे

‘मराठी’ हा शब्द कोठेही लिहिला तरी वाचणाऱ्याला तो एकच असतो. संगणकाचे तसे नाही. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव धारण करणारी आणि १९९० साली प्रथम सिद्ध झालेली ‘हॅस्केल’ ही फंक्शनल प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या. तीत या शब्दाला तीन रूपे आहेत आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

पहिले रूप ‘स्ट्रिंग’. ही अक्षरचिन्हांची माळ होय. एकेक मणी पुढच्या मण्याशी जोडलेला असल्याने ती ओवणे व उकलणे सोपे; पण जागा फार लागते. चौसष्ट बिटांच्या संगणकावर देवनागरीच्या एका चिन्हाला साधारण ४० बाइट खर्ची पडतात. दुसरे रूप ‘टेक्स्ट’. यात चिन्हे छापखान्यात जुळविलेल्या ओळीप्रमाणे सलग बसतात. २०२१ पासूनच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीच्या चिन्हाला ३ बाइट पुरतात. काना व वेलांटी धरून ‘मराठी’ची चिन्हे ५, म्हणजे माळेत सुमारे २०० बाइट, तर ओळीत, थोडा ठरीव खर्च वगळता, अवघे १५. तिसरे रूप ‘बाइटस्ट्रिंग’. ही केवळ आकड्यांची रांग. लिपी तिला ठाऊकच नसते.

अवतरणचिन्हांतील शब्द ही भाषा मुळात स्ट्रिंगच मानते. तो टेक्स्टच्या जागी दिला की कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो. नवशिक्याला हा हेकटपणा वाटतो. इलाज साधा आहे: ‘पॅक’ हे फंक्शन स्ट्रिंगचे टेक्स्ट करते, ‘अनपॅक’ त्याच्या उलट.

या कटकटीतून सुटण्यासाठी ‘ओव्हरलोडेड स्ट्रिंग्ज’ ही सवलत आहे. तिच्यायोगे अवतरणातील शब्द जागा पाहून रूप घेतो. टेक्स्टच्या बाबतीत ती निर्धोक आहे. परंतु जागा बाइटस्ट्रिंगची असेल, तर प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकातील शेवटचे ८ बिट तेवढे उरतात. इंग्रजी अक्षरे त्यातून सुखरूप पार पडतात. ‘मराठी’चे मात्र पूर्णविराम, शून्य, एक कोनचिन्ह, कोरी जागा आणि ‘ॲट’चे चिन्ह असे पाच तुकडे होतात. कंपायलर चकार शब्द काढीत नाही, आणि गेलेली अक्षरे परत मिळत नाहीत.

म्हणून बाहेरून आलेले बाइट उंबरठ्यावरच यूटीएफ-८ प्रमाणे उलगडून घ्यावेत, आत सर्वत्र टेक्स्ट वापरावे आणि बाहेर पाठविताना त्याच नियमाने पुन्हा बाइट करावेत. कंपायलरचा नकार जिथे ऐकू येतो, तिथे अक्षरे शाबूत असतात. जपायचे ते त्याच्या मौनाला.