डिस्कचा सातबारा
संगणकाची ओळख : लेखांक 14

मामेभावाने 'ओके' दाबलं तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं सगळं रेकॉर्डिंग एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होतं. ती मी लिनक्सवर ईएक्सटी4 पद्धतीने फॉरमॅट केलेली, आणि त्याचा लॅपटॉप विंडोजचा. विंडोजला मुळात ईएक्सटी4 वाचता येत नाही. पण तसं सरळ न सांगता ते विचारतं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?' कोऱ्या डिस्कला हाच प्रश्न आणि भरलेल्या, पण त्याला न कळणाऱ्या डिस्कलाही हाच. भावाला वाटलं, संगणकच मागतोय तर द्यावं. चहाचे कप घेऊन बाहेर आले तोवर डिस्क रिकामी दिसत होती.

आजचा लेखांक त्या प्रश्नाविषयी आहे. फॉरमॅट केल्यावर डिस्कवर नेमकं काय होतं, हे कळलं तर 'ओके'वर बोट ठेवताना माणूस थांबतो.

गेल्या आठवड्यात पाहिलेल्या तबकड्या म्हणजे सलग पसरलेलं रान आहे असं समजा. 1 टीबीच्या डिस्कवर 512 बाइटचा एक, असे 195 कोटींहून अधिक कप्पे असतात. कुठला कप्पा कोणाचा, हे कप्प्यावर लिहिलेलं नसतं. आधी या रानाचे गट पाडायचे, त्याला पार्टिशन म्हणतात. मग एकेका गटाचं दप्तर उघडायचं : कुठली फाइल कुठल्या कप्प्यांत आहे, कुठले कप्पे मोकळे आहेत. हे दप्तर ठेवण्याची रीत म्हणजे फाइल सिस्टीम, आणि नवं कोरं दप्तर उघडणं म्हणजे फॉरमॅट.

दप्तर बदललं म्हणून शेतातलं पीक लगेच जात नाही. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ची खूण आधीपासूनच केलेली असते, आणि त्यात फक्त दप्तर नवं होतं. ती खूण काढली तर व्हिस्टापासून पुढचं विंडोज साऱ्या कप्प्यांत शून्यं लिहितं. त्याला तासन्‌तास लागतात आणि मागे काही उरत नाही. आमच्याकडे क्विक झालं होतं. मी डिस्क तिथल्या तिथे काढून घेतली, कारण नव्या दप्तराला जुनं पीक ठाऊक नसतं; पुढे एक सिनेमा जरी कॉपी केला असता तरी तो आजीच्या आवाजावर लिहिला गेला असता.

मग 'फोटोरेक' चालवलं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा हा मोफत प्रोग्रॅम दप्तराकडे बघतच नाही, थेट रानात उतरतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या तोंडाशी ठरावीक खूण असते. वेव्ह फाइल 'आरआयएफएफ' या चार अक्षरांनी सुरू होते. ती खूण दिसली की तिथून पुढचं उचलायचं. ओव्या परत आल्या, पण नावं दप्तरातच होती, ती गेली. प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे 'एफ' आणि पुढे आकड्यांची रांग. मामी आणि मी दोन रात्री बसून एकेक ऐकत होतो. जात्याची घरघर सुरू झाली की मामी पहिल्या ओळीलाच सांगायची, ही माहेरची, ही भावाची.

आता ती डिस्क एक्सफॅटमध्ये आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिघांनाही ती लिहिता-वाचता येते. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये या फाइल सिस्टीमचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी ती लिनक्सच्या गाभ्यात आली. फॅट32 कुठेही चालते, पण तिच्यात 4 जीबीची एक फाइलही मावत नाही, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओला ती निकामी. विंडोजची एनटीएफएस मॅक नुसती वाचतो. चार घरं फिरणाऱ्या डिस्कला एक्सफॅट, एकाच लिनक्स संगणकापाशी राहणाऱ्या डिस्कला ईएक्सटी4, असं माझं मत आहे.

लिनक्सवर फॉरमॅट करताना पहिली आज्ञा 'एलएसबीएलके'. (आज्ञा टाइप करायच्या त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) माझ्या पडद्यावर दोन नावं येतात : 'एसडीए' 465.8जी आणि 'एसडीबी' 931.5जी. पहिली लॅपटॉपची स्वतःची 500 जीबीची, दुसरी बाहेरची 1 टीबीची. आकडा कमी दिसतो कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि ही आज्ञा 1024 च्या. डिस्क काढून पुन्हा 'एलएसबीएलके' द्या. जी ओळ गायब होईल ती बाहेरची. हे दोनदा करा. पुढच्या 'एमकेएफएस.एक्सफॅट /डेव्ह/एसडीबी1' या आज्ञेत 'बी'च्या जागी 'ए' पडला तर आपल्याच लॅपटॉपवर नांगर फिरू शकतो, आणि 'खात्री आहे ना?' असं ती विचारेलच असं नाही.

दप्तर तयार झालं तरी डिस्क अजून वापरता येत नाही, ती माउंट करावी लागते. पूर्वी ऑपरेटर चुंबकीय टेपचं रीळ किंवा डिस्कचा गठ्ठा उचलून यंत्रावर चढवत, तो हा शब्द. 1971 च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही तो आहे. विंडोज प्रत्येक डिस्कला स्वतंत्र अक्षर देतं. लिनक्समध्ये सगळ्या फोल्डरांचं एकच झाड असतं आणि नवी डिस्क त्याच्या एखाद्या फांदीवर कलम करायची. डेस्कटॉपवर हे आपोआप होतं. हाताने करायचं तर 'एमएनटी'मध्ये रिकामं फोल्डर करा आणि 'सुडो माउंट -ओ यूआयडी=1000 /डेव्ह/एसडीबी1 /एमएनटी/ओव्या' अशी आज्ञा द्या. फोल्डर रिकामंच हवं. त्यात आधी काही असेल तर डिस्क उतरवेपर्यंत ते झाकलं जातं, आणि फाइली गेल्या म्हणून माणूस घाबरतो. यूआयडी दिला नाही तर डिस्कची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासकाकडे, जाते आणि आपल्याला तिच्यावर काही लिहिता येत नाही. संगणकावरच्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक बहुधा 1000 असतो.

काम झालं की 'युमाउंट'. स्पेलिंगमध्ये 'यू'नंतरचा 'एन' नाही, तो शोधत बसू नका. कॉपी संपल्याचं दिसलं तरी थोडा मजकूर मेमरीतच थांबलेला असतो. या आज्ञेने तो डिस्कवर उतरतो. एक्सफॅटला ईएक्सटी4 सारखी अर्धवट राहिलेल्या कामाची नोंदवही नसते, त्यामुळे वायर खस्सकन ओढली तर दप्तरच बिघडू शकतं. कधी कधी 'टार्गेट इज बिझी' असं उत्तर येतं. तेव्हा बघा, त्या डिस्कवरची एखादी फाइल कुठे उघडी आहे का, की टर्मिनल अजून त्याच फोल्डरात उभं आहे. 'सीडी' टाइप करून बाहेर या आणि पुन्हा 'युमाउंट' द्या. पडद्यावर काहीही न उमटता नुसती पुढची ओळ आली, की वायर काढा.