कर्सर नेमका कुठे उभा असतो?

लिहिता लिहिता कर्सर दिसेनासा होतो. कधी आधीच्या ओळीत त्याची काळी रेघ तशीच राहते, तर कधी तो थेट जोडाक्षराच्या पोटात शिरतो. पान जरा वरखाली सरकवलं की बहुतेक वेळा सगळं सुरळीत होतं आणि आपण पुढे लिहू लागतो. पण क्षणभर थांबून या बारीक बिघाडांकडे पाहिलं, तर या इवल्याशा रेघेमागची अफलातून कारागिरी दिसू लागते.

लुकलुकणारा कर्सर पन्नासेक वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत चार्ल्स किसलिंग यांनी 1967 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1970 मध्ये ते मंजूर झालं. विंडोजमध्ये एरवी दर 530 मिलिसेकंदांनी कर्सर दिसतो किंवा लपतो. पण लपल्यावर त्याच्याखालचं चित्र जसंच्या तसं परत कसं येतं? विंडोजच्या मूळ पद्धतीत याची युक्ती थक्क करणारी आहे. कर्सर काढायचा म्हणजे त्या जागेच्या पिक्सेलचे रंग उलटे करायचे: पांढऱ्याचा काळा, काळ्याचा पांढरा. पुसायचा म्हणजे तेच पुन्हा एकदा करायचं. उलट्याचं उलटं केलं की मूळ चित्र हजर! खाली काय होतं हे कुठे साठवून ठेवायलाच नको.

याच युक्तीत तिचे दोष दडलेले आहेत. मध्यम करड्या रंगाची पातळी 128 धरली, तर उलटा केल्यावर तो 127 होतो. हा फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून करड्या पार्श्वभूमीवर कर्सर हरवतो. दोन उलटण्यांच्या मध्ये मजकूर सरकला, तर दुसरी उलटापालट भलत्याच पिक्सेलवर होते आणि जुनी रेघ मागे राहते. म्हणूनच प्रोग्रामर पडद्यावर काही नवं रेखाटण्याआधी कर्सर लपवतात आणि काम झालं की परत दाखवतात.

आपल्याला करण्याजोगे उपायही सोपे आहेत. पान सरकवलं किंवा झूम बदललं की पडदा नव्याने रेखाटला जातो. विंडोजच्या सेटिंगमध्ये कर्सर जाड करता येतो. लिब्रेऑफिसमध्ये त्रास वारंवार होत असेल, तर पर्यायांमध्ये ‘व्ह्यू’खाली स्किया या चित्र रेखाटणाऱ्या घटकाचं सॉफ्टवेअर रेंडरिंग सक्तीचं करून पाहावं. चित्र रेखाटण्याचं काम मग ग्राफिक्स कार्डऐवजी मुख्य प्रोसेसर करतो. एक दिलासा: रेघ चुकीच्या जागी रेखाटली गेली, तरी तेवढ्याने लिहिलेला मजकूर बिघडत नाही.

देवनागरीत तर कर्सरची खरी कसोटी लागते. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. त्यातही वेलांटी साठवली जाते शेवटी आणि दिसते सगळ्यांच्या आधी. म्हणजे साठवणीचा क्रम वेगळा, पडद्यावरचा वेगळा, आणि कर्सरने मात्र दोन्हींचा मेळ घालायचा! म्हणून बाणाची कळ दाबली की कर्सर अख्ख्या गटावरून उडी मारतो, तर बॅकस्पेस दाबल्यावर बहुतेक ठिकाणी आधी फक्त वेलांटी जाते.

पूर्वी युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत ‘क्’ आणि ‘ष’ हे दोन वेगळे गट धरले जात. फॉन्टमध्ये मात्र ‘क्ष’ची एकच आकृती असते. मग मधली जागा दाखवायची कुठे? काही प्रोग्राम सरळ आकृतीच्या रुंदीचे भाग पाडतात, आणि कर्सर ‘क्ष’च्या मधोमध उभा राहतो. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरण्याचा नियम 2023 च्या युनिकोड 15.1 मध्ये आला. तो अमलात आणण्याचं काम मात्र प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्रपणे करावं लागतं.

म्हणूनच जोडाक्षरात अडकलेला कर्सर दिसला, तर नुसतं पुढे जाऊ नये. कोणता शब्द, कोणता फॉन्ट, प्रोग्रामची कोणती आवृत्ती, एवढं टिपून तो बनवणाऱ्यांना जरूर कळवावं. मराठी लिहिणाऱ्याला जे सहज खटकतं, ते देवनागरी न वाचणाऱ्या प्रोग्रामरच्या नजरेतून सहज सुटू शकतं.