पडद्यामागची मोकळी जागा

बारामतीजवळच्या ज्या कन्हेरीच्या मारुतीपुढे पवार घराण्याच्या निवडणूक प्रचाराचा नारळ फोडण्याची प्रथा आहे, त्या गावास ध्वनिक्षेपकाची ओळख मुख्यतः कर्ण्याच्या रूपाने असावी यात नवल नाही. आणि म्हणूनच तेथील एखादा संगीतवेडा बागाईतदार नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बसविण्याचे मनात आणतो, तेव्हा त्यास मिळणारे बहुतेक सल्ले कर्ण्याच्या नाहीतर लाकडी पेटीच्या स्पीकरच्या अनुभवावर बेतलेले असतात, आणि येथे ते नेमके उलटे पडतात.

या स्पीकरात कागदी शंकू नाही, त्यास हलविणारे लोहचुंबक नाही आणि बहुधा पेटीही नाही. काही मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा ताणलेला पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये बसविलेला असतो. पडद्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार राखला जातो, आणि अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा संदेश ट्रान्सफॉर्मरने चढवून पत्र्यांना दिला की पडदा पुढेमागे ओढला जातो. इंग्लंडातील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांच्या कंपनीने 1957 साली क्वाड या नावाने असा संपूर्ण पल्ल्याचा स्पीकर बाजारात आणला, तो आजही जाणकारांच्या आदरास पात्र आहे. पडदा वजनाने जवळजवळ हवेइतकाच हलका असल्यामुळे तो स्वराबरोबर तत्काळ हलतो व तत्काळ थांबतो. मिरजेच्या कारागिराने लावलेली तंबोऱ्याची जवारी त्यातून जशी उलगडते, तशी सामान्य पेटीतून क्वचितच उलगडते.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज भिंतीविषयीचा. ‘स्पीकर भिंतीस लावा, खर्ज वाढेल’ हा सल्ला पेटीच्या स्पीकरपुरता खरा आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा मात्र जितका ध्वनी पुढे तितकाच मागेही टाकतो, आणि मागचा ध्वनी पुढच्याच्या विरुद्ध कलेत असतो. पुढे हवा दाबली जाते त्याच क्षणी मागे ती विरळ होते. भिंत जवळ असली म्हणजे मागची लाट आपटून तत्काळ परत येते आणि खर्जाच्या स्वरांत पुढच्या लाटेस खाऊन टाकते. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर सुमारे 69 हर्ट्झचा; भिंत एका फुटावर असल्यास हा स्वर परावर्तनामुळे क्षीण होतो, तर पडदा भिंतीपासून मीटरभर पुढे ओढल्यास तेच परावर्तन सुमारे 86 हर्ट्झच्या आसपास पुढच्या लाटेस साह्य करू लागते. अर्थात त्याच अंतरावर 170 हर्ट्झच्या सुमारास एक खाच पडते, सबब जागा फुटपट्टीने ठरवून भागत नाही. ओळखीचे गाणे लावून पडदा वीतवीत सरकवीत कानाने ती कायम करावी लागते. डग्गा घुमू लागला आणि गायकाचा आवाज पोकळ झाला नाही, तेथे जमिनीवर खडूची खूण करावी.

दुसरी समजूत अशी की खोली जाड पडद्यांनी आणि गाद्यांनी मढविली पाहिजे. वस्तुतः हा स्पीकर दोन्ही कुशींस फारच थोडा ध्वनी टाकतो, त्यामुळे बाजूच्या भिंतींचा उपद्रव येथे कमी असतो. बंदोबस्त हवा तो पाठीमागच्या भिंतीचा. हल्लीच्या घरांतील सिमेंटचा स्लॅब, गुळगुळीत गिलावा आणि फरशी यांमुळे ही मागची लाट कर्कश होऊन परतते. तेथे पुस्तकांनी खचाखच भरलेले उघडे कपाट ठेवावे, म्हणजे लाट विखुरते. जाड गोधड्या टांगून ती पूर्णतः गिळली, तर गाण्यातील अवकाशही त्याबरोबर जातो.

‘असल्या स्पीकरला राक्षसी अ‍ॅम्प्लिफायर हवा’ ही तिसरी समजूत. 1957 च्या क्वाडचा जोडीदार असलेला त्याच कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर अवघ्या 15 वॉटचा होता, आणि त्या जुन्या पडद्यांस अतोनात शक्ती दिल्यास आत ठिणगी उडून ते निकामी होतात. तथापि हा भार विद्युतधारित्राच्या जातीचा असल्याने तारस्वरांकडे त्याचा रोध फार उतरतो. तेव्हा वॉटचा आकडा विचारण्याऐवजी, असा भार अ‍ॅम्प्लिफायर न डगमगता पेलतो काय, हे विक्रेत्यास विचारावे.

विजेविषयीची धास्ती अर्धी खरी आहे. प्रत्येक स्पीकरास भिंतीतील वीज लागते, परंतु भार टिकविण्यापुरती ती अत्यल्प असल्याने बिलाची चिंता नको. वीज गेल्यास भार ओसरत जातो आणि ती परतल्यावर आवाज पूर्ववत होण्यास थोडा अवधी लागतो, हा दोष समजू नये. मात्र आतील विद्युतदाब खरोखरच घातक आहे, म्हणून जाळी उघडण्याचा उद्योग घरच्या वायरमनने करू नये, आणि चांगल्या अर्थिंगची तजवीज आधी करावी.

राहता राहिली धूळ. बारामतीकडची कोरडी हवा, जो कोकणात पडद्यावरचा भार झिरपवून टाकण्याची भीती घालतो त्या दमटपणापासून या स्पीकरास वाचविते, परंतु चैत्र-वैशाखातील फुफाटा पडदा विद्युतभारामुळे स्वतःकडे ओढून घेतो. वापर नसताना स्वच्छ सुती आवरण घालावे, थेट ऊन टाळावे, आणि झाडलोट करावयाची झाल्यास वीज काढून काही तास थांबून, तीही निर्मात्याच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, बाहेरून व्हॅक्यूम क्लीनरच्या हलक्या ओढीने करावी. ओले फडके सर्वस्वी वर्ज्य.

ज्यास दिवाणखान्यात पडद्यामागे मीटरभर जागा सोडणे शक्य नाही, त्याने हे स्पीकर घेऊ नयेत. त्याच पैशांत उत्तम पेटीचे स्पीकर मिळतात.