रोगाची शिरगणती

गावात माणसे किती, हे शिरगणतीने कळते. एखादा रोग समाजात किती जणांना आहे, हेही मोजणीनेच कळते. परंतु ही मोजणी वाटते तितकी सोपी नसते.

सोरायसिस हा त्वचेचा एक चिवट विकार आहे. निरोगी माणसाच्या त्वचेचा वरचा थर सुमारे महिन्याभरात नवा होतो. या विकारात शरीराची संरक्षक शक्तीच बिघडून त्वचेला सूज आणते आणि नवे थर अवघ्या काही दिवसांत तयार होऊ लागतात. मग कोपर, गुडघे, डोके अशा ठिकाणी तांबूस चट्टे उठतात व त्यांवर रुपेरी खवले साचतात. हा विकार कधी ओसरतो, तर कधी पुन्हा उलटतो.

याचे रुग्ण रुग्णालयात जाऊन मोजता येतील काय? नाही. ज्याचा चट्टा लहान असतो, तो तेथे जात नाही. जो लाजेने चट्टे झाकून ठेवतो, तोही जात नाही. म्हणून निरोगी व आजारी अशा सर्वांनाच तपासावे लागते.

अशी एक मोठी पाहणी फेरो बेटांवर झाली. उत्तर अटलांटिक महासागरातील ही 18 बेटे डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. गुन्नार लोमहोल्ट या डॉक्टरांनी तेथील सुमारे 11,000 लोकांची पाहणी केली. त्या वेळच्या वस्तीचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होता. 1963 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दर 100 माणसांत जवळजवळ 3 जणांना सोरायसिस असल्याचे त्यातून दिसले. रुग्णांच्या रक्ताच्या नात्यात तो विशेष आढळला. हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. पूर्व आशियातील देशांत ते पुष्कळ कमी आहे.

सोरायसिस स्पर्शाने होत नाही. रुग्णाशेजारी बसल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने किंवा खेळल्याने तो दुसऱ्यास जडत नाही. तरीही अज्ञानामुळे लोक अशा माणसाला दूर ठेवतात. रोगापेक्षा हे दुःख त्याला अधिक बोचते. 2014 साली जागतिक आरोग्य सभेने ठराव करून याकडे सर्व राष्ट्रांचे लक्ष वेधले.

फेरो बेटांतील प्रमाण धरले, तर 1,000 वस्तीत सुमारे 30 रुग्ण निघतील. त्यांतील प्रत्येकाला मात्र आपण एकटेच असे आहोत, असे वाटत असते. तो एकटा नाही, हे शिरगणती सांगते. त्याला एकटे न पाडणे हे शेजाऱ्यांच्या हाती असते.